थांबवायचं कुठे, थांबवायचं किती

ॲस्पिरिनची गोळी आणि मोनोक्रोटोफॉसचा डबा यांच्यात रसायनाच्या पातळीवर एक नातं आहे. ते आधी मांडल्याशिवाय या पुस्तकाचा विषय यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकापुढे ठेवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. दोन्ही रेणू शरीरातल्या एकेका एन्झाइमपर्यंत पोचतात, त्याच्या लांब साखळीतल्या सेरीन नावाच्या एका ठरावीक कडीला आपला एक तुकडा चिकटवतात आणि त्याचं काम बंद पाडतात. ॲस्पिरिन ज्या एन्झाइमला बंद पाडते, ते सूज आणि ठणका निर्माण करणारी द्रव्यं तयार करत असतं. म्हणून आपल्याला आराम पडतो. मोनोक्रोटोफॉस ज्याला बंद पाडतं, ते एन्झाइम मज्जातंतूने स्नायूला आणि ग्रंथीला दिलेला निरोप क्षणार्धात पुसून टाकत असतं. निरोप पुसलाच गेला नाही की लाळ आणि घाम थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छाती स्रावाने भरते, स्नायू फडफडून फडफडून थकतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात.

२०१७च्या खरिपात हे या जिल्ह्याने पाहिलं. कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, पाठीवरच्या पंपाचा फवारा पिकावर पडण्याआधी फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होता, आणि जुलैपासून पुढच्या काही महिन्यांत शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं आणि अमरावती विभागातल्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली. त्या पाचांपैकी तिघांत, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या मिश्रणात, ऑर्गनोफॉस्फेट गटातलं रसायन होतं. एन्झाइम-रोधक हा शब्द या जिल्ह्यातल्या अनेक घरांनी कधी ऐकला नसेल. त्याचा अनुभव मात्र त्यांना आधीच आला आहे, तोही सगळ्यात निर्दय रूपात.

याच एन्झाइमला थांबवणारं औषध सरकारी रुग्णालयातही असतं. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊ लागल्या, मान सावरेना, की प्रतिविषाबरोबर डॉक्टर ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मीन देतात. निओस्टिग्मीन तेच ॲसिटिलकोलिनेस्टरेज थांबवतं, जे मोनोक्रोटोफॉस थांबवतं. फरक असा की ते काही तासांत सुटतं, मोजून दिलं जातं, आणि नागाच्या विषाने स्नायूकडे जाणारा निरोप अडवलेला असताना तो निरोप थोडा जास्त वेळ टिकून राहावा, एवढ्याच मर्यादित कामासाठी दिलं जातं. फवाऱ्यातलं रसायन घट्ट चिकटतं, वेळ गेला तर कायमचं. एन्झाइम तेच, थांबवणंही तेच. एकात माणूस जातो आणि दुसऱ्यात वाचतो. औषध घडवण्याची सगळी विद्या या फरकात आहे. कोणतं एन्झाइम, शरीरातल्या कोणत्या जागी, किती प्रमाणात आणि किती वेळ थांबवायचं, याची उत्तरं शोधण्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत. हे पुस्तक त्या शोधाबद्दल आहे.

पाठ्यपुस्तकं एन्झाइमला विकर म्हणतात. विकर हे एक प्रथिन असतं आणि त्याच्या घडीत एक खोबण असते. त्या खोबणीत ठरावीक पदार्थ येतो, बदलतो आणि बाहेर पडतो. खोबण पुन्हा रिकामी. यवतमाळच्या माणसाला जिनिंगचा रेचा माहीत आहे: कापूस आत जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे. रेच्यात कापसासारखंच दिसणारं पण न पिंजलं जाणारं काही घातलं, तर ते काढेपर्यंत काम अडतं. भरपूर कापूस रेटला तर ते बाजूलाही सारलं जातं. लोखंडी पहार अडकली तर दातेच मोडतात आणि नवा रेचा बसवावा लागतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे कापसाच्या वाटेला हात न लावता दूरच्या एका खिळीला पाचर मारायची. रेचा उभा राहतो, पण अडथळा तोंडाशी कुठे दिसत नाही. रोधकांचे हे तीनही प्रकार औषधांत आहेत. आयबुप्रोफेन पहिल्या जातीचं, ॲस्पिरिन दुसऱ्या. तिसऱ्या जातीचं एक उदाहरण आपल्या जंगलातच उभं आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आता हे रोधक ज्यासाठी वापरायचे, त्या दाहाकडे वळू. दाह म्हणजे शरीराने केलेला बचाव. काटा रुतला, जंतू शिरले, पेशी मेल्या, की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडून कामाला लागतात. लाली, ऊब, सूज आणि वेदना या चार खुणा रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आणि त्या आजही शिकवल्या जातात. काम संपल्यावर दाह विझतो. ज्या आजारांबद्दल आपण बोलणार आहोत, त्यांत तो विझत नाही. रुमॅटॉइड संधिवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतं. सोरायसिसमध्ये त्वचेवर, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्यावर. दम्यात श्वासनलिका सुजलेल्या राहतात. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बाईच्या फुप्फुसात हीच आग मंदपणे चालू असते. यातलं प्रत्येक पाऊल कोणत्या ना कोणत्या एन्झाइमच्या हातून पडतं, म्हणूनच औषध शोधणाऱ्यांची नजर एन्झाइमांवर खिळते.

ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आली. ती काम कशी करते हे कळायला १९७१ उजाडलं. त्या वर्षी जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये दाखवलं की ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबतं. १९८२च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. म्हणजे सत्तर वर्षं जगाने एक एन्झाइम-रोधक पोत्याने खाल्ला आणि तो कशाला रोखतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की हे सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइम दोन रूपांत असतं. एक रूप जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं, दुसरं मुख्यतः दाहाच्या जागी जागं होतं. मग फक्त दुसऱ्यालाच रोखलं तर? तर्क बिनचूक वाटत होता. सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधं त्यातून आली, पोटातले व्रण कमी झाले, आणि २००४च्या सप्टेंबरात रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढले होते. ज्याला फक्त दाहाचं रूप समजलं होतं, ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरात रक्त गोठू न देण्याचंही काम करत होतं. शरीरात कोणतंही एन्झाइम आपल्या सोयीसाठी एकाच कामाला जुंपलेलं नसतं, हे त्या प्रकरणाने फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

इथे जिल्ह्यातल्या वाचकाशी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडातला रक्तप्रवाह टिकवून धरणाऱ्यांत प्रोस्टाग्लँडिनचा मोठा वाटा असतो. नेमक्या त्याच दिवसांत कंबर धरली म्हणून, गुडघा ठणकतो म्हणून, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या रोज घेतल्या जातात. गोळी आधाराचा तो हात काढून घेते. निरोगी तरुणाला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. वयस्क, मधुमेही, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड मात्र यात अचानक बसू शकतं. याच डायक्लोफिनॅकने भारतातली गिधाडं जवळजवळ संपवली. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि युरिक ॲसिड आतल्या अवयवांवर साचलं. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे त्याच कुळातलं औषध गिधाडांना सुरक्षित ठरलं. एकच एन्झाइम-कुळ रोखणारी दोन औषधं आणि एका पक्ष्याच्या बाबतीत इतका फरक! रोधकाचं बलाबल फक्त परीक्षानळीत मोजून भागत नाही, ते शरीर त्या रेणूचं पुढे काय करतं हेही पाहावं लागतं.

आता सालईकडे येऊ. उन्हाळ्यात पांढरकवडा किंवा घाटंजीकडच्या डोंगराळ जंगलातून जाताना सागाच्या, धावड्याच्या सोबतीने निष्पर्ण उभी, कागदासारखी साल सोलत असलेली झाडं दिसतात. सालीला खाच पाडली की सुवासिक डिंक येतो. आयुर्वेद या झाडाला शल्लकी म्हणतो. १९८०च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी सालई गुग्गुळाच्या अर्काचे दाहविरोधी गुण जनावरांवर तपासून प्रसिद्ध केले. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सफायही, अमोन आणि सहकाऱ्यांनी त्यातली बॉसवेलिक आम्लं ५-लायपॉक्सिजनेज या एन्झाइमला रोखतात असं दाखवलं. हे एन्झाइम सायक्लोऑक्सिजनेजचं शेजारी आहे. दोघांचा कच्चा माल एकच, ॲराकिडोनिक आम्ल. एकाकडून प्रोस्टाग्लँडिन निघतात, दुसऱ्याकडून ल्युकोट्रायिन, जे श्वासनलिका आवळतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात. एक वाट अडवली की दुसरीचा जोर काही जणांत वाढतो. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन घेतल्यावर दम्याचा झटका येतो, त्यामागे हेच आहे.

मग २००३ साली नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात किम्मतकर, ठवाणी आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध केली. कुणाला अर्क मिळतो आहे आणि कुणाला नुसती बिनऔषधी गोळी, हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला. मध्येच दोन्ही गटांची अदलाबदल. अर्क घेत असताना वेदना आणि सूज कमी झाली, चालण्याचं अंतर वाढलं. मला या चाचणीचं अप्रूप तिच्या निकालापेक्षा तिच्या रीतीसाठी आहे. आपल्याच विदर्भातल्या डॉक्टरांनी आपल्याच जंगलातल्या झाडाला ‘परंपरेत आहे म्हणजे खरंच असणार’ अशी सवलत दिली नाही आणि ‘झाडपाला आहे म्हणजे खोटंच’ म्हणून हिणवलंही नाही. तपासलं. तीस माणसं म्हणजे थोडीच, आणि तेवढ्यावर कुणी शिक्कामोर्तब करू नये. पण विचारायची पद्धत बरोबर होती.

प्रश्नही शिल्लक होते. जर्मनीतल्याच पुढच्या संशोधनाने दाखवलं की गोळीवाटे घेतलेली बॉसवेलिक आम्लं रक्तात फार थोडी उतरतात. प्रयोगशाळेत ५-लायपॉक्सिजनेज रोखायला जेवढी लागतात तेवढी रक्तात मोकळी सापडतातच असं नाही. म्हणजे परिणाम असेल तर तो कदाचित दुसऱ्याच एखाद्या वाटेने होत असेल. आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यूकमर यांच्या गटाने सालईतल्या आम्लाचा एक रेणू या एन्झाइमला चिकटलेला असताना त्याची रचनाच टिपली. रेणू खोबणीत नव्हताच. तो एन्झाइमच्या दोन भागांच्या सांध्यात, काम चालतं त्या लोहापासून बराच दूर, पाचरीसारखा बसला होता आणि तिथूनच काम बदलत होता. तिसऱ्या जातीच्या रोधकाचं उदाहरण म्हटलं ते हे. शेकडो वर्षं जो डिंक माणसं सांध्यांना चोळत, धुरी देत, पोटात घेत आली, त्याचा एक रेणू एन्झाइमच्या नेमक्या कुठल्या फटीत शिरतो हे माणसाला आत्ता कुठे दिसलं. ज्यांना ही फट पाहून आनंद होत नाही त्यांना या विषयाची गोडी लागणं अवघड आहे, असं मी निर्धास्तपणे म्हणेन. याच एन्झाइमवरचं झिल्यूटॉन हे बनवलेलं औषध १९९६ पासून अमेरिकेत दम्यासाठी मिळतं, पण ते घेणाऱ्याच्या यकृताची तपासणी करत राहावी लागते.

महाराष्ट्रातली याहून मोठी गोष्ट मुंबईच्या मुलुंडमध्ये घडली. तिथे हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि नोएल डिसूझा यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ भारतीय वनस्पती एकामागून एक तपासत होते. फोर्स्कोलिन हा जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा रेणू तिथलाच. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांतल्या डायसोक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातून त्यांना रोहिट्यूकीन मिळालं. १९८८ मध्ये नाईक, कट्टीगे, भट, डिसूझा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, त्यात हा रेणू दाहविरोधी आणि रोगप्रतिकारशक्तीत बदल घडवणारा म्हणूनच मांडला आहे. त्याच्या धर्तीवर त्यांनी नवे रेणू बांधले. त्यातलाच एक फ्लॅव्होपिरिडॉल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तो तपासला गेला तेव्हा कळलं की पेशीला विभागणीचा हुकूम देणारी सायक्लिन-अवलंबी कायनेज नावाची एन्झाइमं तो रोखतो. या जातीच्या रोधकांपैकी माणसावर चाचणी झालेला तो जगातला पहिला. दाहाच्या वाटेने निघालेला रेणू असा कर्करोगाच्या वाटेला लागला. तिथे त्याने बरीच वर्षं काढली, अनेक चाचण्या पाहिल्या, पण औषध म्हणून मान्यता त्याला मिळाली नाही. मुलुंडचं केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेलं आणि तिथेही याच कुळावर काम पुढे चाललं.

ही गोष्ट इथेच संपवली तर अपयशाची वाटेल. २००६ मध्ये एडिनबरोच्या आद्रियानो रॉसी यांच्या गटाने दाखवलं की याच जातीच्या एन्झाइमांना रोखलं तर दाहाच्या जागी ठाण मांडून बसलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःहून मरतात आणि उंदरांतला दाह लवकर विझतो. म्हणजे मुलुंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी झाडात जो गुण पाहिला होता, त्यामागचं एक कारण अठरा वर्षांनी दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच रेणूवर सापडलं. या क्षेत्रात एखादा रेणू कपाटात गेला म्हणजे त्यातलं ज्ञान मेलं असं नसतं.

नवी मुंबईतल्या महापे इथे ग्लेनमार्कने असाच मोठा डाव मांडला होता. फॉस्फोडायएस्टरेज-४ हे एन्झाइम पांढऱ्या पेशींतला एक शांत करणारा रेणू तोडतं. ते रोखलं तर पेशी शांत राहतात. ग्लेनमार्कचा ओग्लेमिलास्ट २००४ मध्ये अमेरिकेतल्या फॉरेस्ट या कंपनीने करार करून घेतला, तेव्हा भारतीय संशोधनाला जागतिक बाजार दिसू लागला म्हणून खूप कौतुक झालं. २००९ मध्ये सीओपीडीच्या, म्हणजे धुराने खचलेल्या फुप्फुसांच्या, रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याचा पुरेसा फायदा दिसला नाही. त्याच एन्झाइमवरचे रोफ्लुमिलास्ट आणि २०१४ मध्ये सोरायटिक संधिवातासाठी आलेलं ॲप्रिमिलास्ट हे दुसऱ्यांचे रेणू मात्र पार पोचले. यातही अडचण अशी की हेच एन्झाइम मेंदूतल्या उलटीच्या केंद्रातही असतं, म्हणून मळमळ होते आणि डोस हळूहळू वाढवत न्यावा लागतो. पी-३८ नावाच्या कायनेजची गत याहून वाईट झाली. अनेक कंपन्यांनी संधिवातासाठी त्याचे रोधक बनवले, सुरुवातीला रक्तातल्या दाहाच्या खुणा झपाट्याने उतरल्या आणि काही आठवड्यांत पुन्हा चढल्या. शरीराने दुसरी वाट काढली होती. यशस्वी औषधाच्या डबीवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

भारतातल्या रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाला आज सर्वांत आधी मिळणारं औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असतं. तोही रोधकच. फॉलिक आम्ल वापरणारं एन्झाइम तो अडवतो. या कुळाची सुरुवात आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्लेतल्या कामात आहे. त्यांच्या गटाने बनवलेलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. कर्करोगात मोठ्या मात्रेत दिला जाणारा मेथोट्रेक्सेट संधिवातात अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात, आणि तिथे तो बहुधा वेगळ्याच एन्झाइमाद्वारे, दाह शमवणारं ॲडेनोसीन वाढवून काम करतो. आठवड्याची ही गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावतो. अशा चुका जगभर झाल्या आहेत. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढं न लिहिता वार लिहावा, ‘दर सोमवारी’ असा, आणि औषध देणाऱ्याने तो वार रुग्णाच्या किंवा त्याच्या सुनेच्या तोंडून वदवून घ्यावा. या पुस्तकातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहावं.

२०१२ पासून आलेले टोफासिटिनिबसारखे जॅक-रोधक पेशीच्या आत जाऊन दाहाचा निरोपच अडवतात. संधिवाताच्या बऱ्याच रुग्णांना त्यांनी पुन्हा उभं केलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाच्या धोक्याचा कडक इशारा त्यांच्या वेष्टनावर घालायला लावला. क्षयरोग घरोघर असलेल्या आपल्या भागात, लपून बसलेला क्षय तपासल्याशिवाय ही औषधं सुरूच करू नयेत.

प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचं प्रकरण मला स्वतःला फार जवळचं आहे, कारण त्यात आपलं शेत येतं. वनस्पतींनी हे शस्त्र माणसाच्या कितीतरी आधी शोधलं. अळीने पान कुरतडलं की झाड तिच्या पोटातली पाचक एन्झाइमं रोखणारी प्रथिनं तयार करतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी हरभरा, तूर आणि कपाशी फस्त करणाऱ्या घाटेअळीवर याचा बारकाईने अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की हरभऱ्याचे रोधक ही अळी पचवूनच टाकते. ज्या झाडांशी तिची ओळख नाही, त्यांचे रोधक मात्र तिला भारी पडतात. कारल्याच्या बियांतले रोधक त्यात फार प्रभावी निघाले. सोयाबीनमध्ये असेच दोन रोधक आहेत, म्हणून ते कच्चं खाऊ नये, शिजवावं लागतं. त्यातला बोमन-बर्क नावाचा रोधक गाळून अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना देऊन पाहिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या चाचणीत काहींना बरं वाटल्याच्या खुणा होत्या. औषध अजून झालेलं नाही. पण दारव्हा-दिग्रसच्या शेतात उभ्या असलेल्या दाण्यात आतड्याच्या दाहावरचा एक प्रश्न दडला आहे, हे तिथल्या विद्यार्थ्याला कुणीतरी सांगायला हवं. फुप्फुसात न्यूट्रोफिलच्या एन्झाइमांना आधीच निःशस्त्र करणारं ब्रेन्सोकॅटिब २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेव्हा ही वाट बंद नाही एवढं नक्की.

आणि घोणस. तिच्या विषातलं फॉस्फोलिपेज ए-२ हे एन्झाइम पेशींची आवरणं फाडतं. आपल्या शरीरातही त्याचे भाऊबंद आहेत, आणि दाहाची सुरुवात त्यांच्यापासून होते म्हणून व्हॅरेस्प्लाडिब नावाचा रोधक बनवला गेला. सेप्सिस, संधिवात, हृदयविकार अशा एकामागून एक चाचण्यांत तो अपुरा पडला. हृदयविकाराच्या चाचणीत तर अपायच दिसल्याने ती थांबवावी लागली. २०१६ मध्ये मॅथ्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जगातल्या अनेक विषारी सापांच्या विषातलं हे एन्झाइम तो फार थोड्या मात्रेत रोखतो. मग भारत आणि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर तोंडावाटे देऊन चाचणी झाली. सगळे रुग्ण एकत्र धरता मुख्य निकषावर ठळक फरक दिसला नाही. ज्यांना दंशानंतर लवकर मिळाला त्यांच्यात आशेच्या खुणा होत्या. भारतात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक रुग्णालयापासून दूर, शेतात-वाडीत मरतात. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून रुग्णालयात पोचण्यासाठी हातात असलेला वेळ जर एखादी गोळी थोडा तरी वाढवू शकत असेल, तर पुढच्या चाचण्या अशाच भागांत, त्या माणसांच्या भाषेत समजावून, त्यांच्या संमतीने झाल्या पाहिजेत. प्रतिविषाची जागा ती गोळी घेणार नाही, हेही त्याच भाषेत सांगून.

प्रत्येक दुखरा सांधा दाहाचा नसतो, याकडेही लक्ष वेधतो. केळापूर, झरी-जामणी, घाटंजीकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथली ताठलेली पाठ आणि न वाकणारे गुडघे हाडांच्या फ्लोरोसिसचे असू शकतात. त्यावर कोणताही एन्झाइम-रोधक लागू पडत नाही, पाणी बदलावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत सूज उतरते, तेव्हा त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. औषधाचं नाव न सांगता दिलेलं औषध घेऊ नये.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. रसायनाची भीती वाटत असेल त्यांनी दुसरं आणि तिसरं प्रकरण सोडून थेट मेथोट्रेक्सेटपासून सुरुवात करावी आणि मग मागे यावं. औषध दुकानदारांसाठी आणि आशाताईंसाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुग्णाला विचारायचे प्रश्न वेगळे दिले आहेत. ते फाडून भिंतीवर लावले तरी हरकत नाही. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी सालईचं आणि मुलुंडचं प्रकरण शेजारी ठेवून वाचावं, कारण झाडातून रेणू काढणं आणि त्या रेणूचं पुढे काय होतं हे दोन्हींत मिळूनच पुरं दिसतं. रेणूंच्या आकृत्या मोठ्या छापल्या आहेत. सेरीनची कडी त्यांत तांबड्या रंगात दाखवली आहे.